साडूंच्या हिरड्या

अख्ख्या जबलपुरात हसायला भिणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी थोरला साडू म्हणून आला. शहपुऱ्याला हेडमास्तर. हसले की वरचा ओठ थेट नाकाला भिडायचा, दात इवलेसे आणि बाकी हिरड्याच हिरड्या. लहानपणी वर्गातल्या पोरांनी ‘मसूड़ा’, म्हणजे हिरडी, असं नाव पाडलं, तेव्हापासून हे मिशी फुटायची वाट बघत बसले आणि फुटल्यावर तिला कात्री म्हणून लावली नाही. चहा आधी मिशी प्यायची, मग साडू. लग्नात कोणी गमत्या माणूस शेजारी आला की हे पंगत बदलायचे. “दादा, काहून एवढं?” विचारलं तर म्हणायचे, “तुमचं काय जातं बाप्पा.”

गेल्या महिन्यात त्यांचे वडील गेले. बाप गेला की आमच्यात मिशी राहत नाही. दहाव्याला ग्वारीघाटावर न्हाव्यानं डोक्याबरोबर तीही उतरवली. दुःख खरंच होतं, पण तेरवीला साडू माझ्या कानाशी कुजबुजले, “सोमवारी शाळा आहे. पोरांनी पाहिलं तर मेलोच मी. एखादा डॉक्टर शोधा.” जेवण नाही, झोप नाही, बोलायचं तेही तोंडावर उपरणं धरून. त्यांचं बघून मलाही धास्ती बसली. शनिवारी त्यांना स्कूटरवर घालून महाराजपूरच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी नीट समजावलं. दात लहान नाहीत, हिरडीखाली झाकले गेलेत. लेझरनं हिरडी जराशी कापली की उघडे पडतील. ओठही जास्त वर ओढला जातो, त्याला इंजेक्शन आहे, पण असर काही महिनेच. “लेकिन पहले खुलकर हँसिए, सर. फोटो लेनी है. उसके बिना कैसे पता चलेगा, कितना काटना है?” झालं. साडूंना हसताच येईना. ओठ शिवल्यासारखे. मी ठेवणीतले विनोद काढले, तर मलाच रडू यायची वेळ आली.

शेवटी बाईंनी विचारलं, “घर में और किसी की हँसी ऐसी है?”

“बाबांची होती,” साडू म्हणाले. “ते तर दिवसभर हसून राहायचे. मला म्हणत, तुझी मिशी काढायला मला मरावं लागन. तोवर तुझ्या वाटचं मीच हसून घेतो.” आणि हे सांगता सांगता त्यांना असं हसू फुटलं की आवरेना. बाईंनी फोटो काढला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

साडू स्क्रीनवर वाकले. टक्कल, मिशी नाही, आणि ते हसू. बाबांचा हसरा फोटो घरात कोणाकडेच नव्हता. हार घातला होता तोही पेन्शनच्या कागदावरच्या रागीट फोटोला. “बाबाच आहेत हो,” ते मला म्हणाले. बाई हातमोजे चढवत होत्या. “रुकिए मॅडम. वर्षश्राद्ध होऊ द्या, मग पाहू. आत्ता कुठे दिसले ते.”

सोमवारी संध्याकाळी राहवलं नाही, फोन केला. पोरं हसली का, विचारलं.

“हसली न,” साडू म्हणाले. “पण बाबांना थोडीच काही वाटायचं त्याचं.”