तीन नंबरपासून दीडपर्यंत

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मिलिंद दहा दिवस हॉस्पिटलात होता आणि दोन्ही फुप्फुसं कामातून गेल्याचं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी वेड्यासारखं विचारलं, "असं कसं झालं?" आता सहा आठवडे झालेत आणि उत्तर मला ठाऊक आहे.

मिलिंद नागपूरचा. लग्नाच्या बँडमध्ये वडील क्लॅरिनेट वाजवायचे, हा सॅक्सोफोन. बहरीनला आला तो एसी मेकॅनिक म्हणून, तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये. शुक्रवारी दुपारी अदलियातल्या एका रेस्टॉरंटात वाजवू लागला आणि तिथल्या म्हाताऱ्या अमेरिकन पियानोवाल्यानं त्याला ब्लूज शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, पहिल्याच दिवशी हा मला म्हणाला, "भाऊ, हे तर आमच्या आजोबाच्या जलशातलं आहे. एक ओळ म्हणाची, तीच पुन्हा म्हणाची, मंग तिसरीत सांगाचं काहून रडून राहिलो ते." मी पुण्याचा, इथल्या बँकेतला माणूस, संगीताचं ज्ञान यथातथाच. पण तो वाजवायला लागला की माझ्या ताटातलं गार व्हायचं. पाच-सहा वर्षांत नुसतं त्याला ऐकायला लोक दुसऱ्या बेटावरच्या बुसैतीनहून गाडी काढून येऊ लागले.

सॅक्सोफोनच्या तोंडाशी बोरूची पातळ पट्टी असते, रीड म्हणतात तिला. ती इथंही मिळते, पण मिलिंदचा विश्वास मुंबईतल्या एकाच दुकानावर. मी रजेवर निघालो की फर्माईश ठरलेली : तीन नंबरची डबी. तीन वर्षांपूर्वी तो म्हणाला, "यावेळी अडीचची आणजा." पुढच्या रजेत दोन. मी चिडवलं, "म्हातारपणी आवड बदलली वाटतं!" तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत भिंतीला धरून उभा राहिला. एसीची धूळ आहे, म्हणाला. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर गंभीर झाला. "छातीचा फोटो काढतीन, भाऊ. काही निघालं तर व्हिसा खलास. पोरगी अकरावीत आहे. बारावीची परीक्षा होऊ द्या, मंग जातो. इंशाल्ला." फोटोत काही निघालं तर सरळ विमानात बसवतात, ही त्याची समजूत. ती खरी की खोटी हे मी एका फोनवर विचारू शकलो असतो. विचारलं नाही. दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडा, हा आमचा मध्यमवर्गीय शहाणपणा.

गेल्या रजेत त्यानं दीड नंबर मागितला. दुकानदारानं डबी काढता काढता विचारलं, "मुलासाठी का? दीड नंबर शिकाऊ पोरं घेतात. फुंकर कमी लागते." तरीही मी पैसे मोजले आणि डबी घेतली. बहरीनला उतरल्यावर विमानतळावरूनच त्याच्या घरी गेलो आणि ती त्याच्या हातात दिली. दुकानदार काय म्हणाला ते सांगितलं नाही. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं, की मला कळलंय हे त्याला कळलंय. "शुकरन, भाऊ," म्हणाला. आतून वहिनींनी चहाला हाक मारली आणि आम्ही दोघं क्रिकेटवर बोलत बसलो.

मुलगी पास झाली. निकालाच्या वेळी तो ऑक्सिजनवर होता.

वाजवायला निघण्यापूर्वी दर शुक्रवारी सकाळी तो मला एक सूर फोनवर पाठवायचा, एका दमात धरलेला. ते सगळे अजून माझ्या फोनमध्ये आहेत. परवा हिंमत करून ओळीनं ऐकले. जुना सूर लावला आणि मी चहाचा कप विसळून, पुसून फळीवर ठेवला, तरी तो चालूच होता. शेवटचा लावला तर नळ सोडेपर्यंत संपला. नंतर नुसती धाप, आणि मग त्याचा आवाज, "जमलं ना, भाऊ?"

त्याखाली मी अंगठा पाठवला आहे. सगळ्यांखालीच पाठवला आहे.