वीस शब्दांचा प्रयोग

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला स्मरणाचा एक साधा प्रयोग असतो. घरातल्या कुणाला तरी वीस शब्द वाचून दाखवायचे, थोड्या वेळाने किती आठवतात ते विचारायचं आणि आकडे जर्नलमध्ये लिहायचे. पुण्यातल्या एका कॉलेजात मी हा प्रयोग इतकी वर्षं घेतेय की खोटे आकडे लगेच ओळखू येतात.

दोन वर्षांपूर्वी लोणी काळभोरहून येणाऱ्या एका मुलीचं जर्नल समोर आलं. एकही तास न बुडवणारी मुलगी. प्रयोग तिने आईवर केला होता आणि आकडे मैत्रिणीच्या जर्नलमधून जसेच्या तसे उतरवले होते.

"वा! दोघींच्या आयांची डोकी अगदी सारखी चालतात," मी भर वर्गात म्हणाले. मुलं हसली. ती मान खाली घालून उभी राहिली.

तास संपल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी आली.

"मॅडम, आईला दोनच शब्द आठवले. दुसऱ्या दिवशी परत घेतलं, तर काल मी काही वाचून दाखवलं होतं हेच तिला आठवेना. असं लिहिलं असतं तर प्रयोग चुकला म्हणाला असता तुम्ही."

"आईचं वय काय?"

"सेहेचाळीस."

मी खुर्ची पुढे केली, आधी तिची माफी मागितली. मग म्हणाले, "मी डॉक्टर नाही. पण आईला मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. याच आठवड्यात."

तपासण्यांनंतर ती आईला घेऊनच कॉलेजात आली. बाई नीटनेटक्या, हसऱ्या. "पोरगी अभ्यास करती का नीट?" त्यांनी विचारलं.

"हुशार आहे," मी म्हणाले. त्या खूश झाल्या. चहा येईपर्यंत त्यांनी हेच आणखी तीनदा विचारलं, आणि दर वेळी तेवढ्याच खूश झाल्या. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. विसरण्याचा हा आजार वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

दुसऱ्या सत्रात ती यायची बंद झाली. मी फोन केला.

"आई गॅस चालू ठेवून बाहेर निघून जाते, मॅडम. वडील शेतावर असतात. घरात कुणीतरी पाहिजे."

"निदान परीक्षेला ये. नोट्स मी पाठवते."

"बघते." मग तिने विचारलं, "तो प्रयोग केलाच नसता तर?"

"कळलं ते बरंच झालं ना?"

"कुणाला?"

आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

परीक्षेला ती आली नाही. जूनमध्ये तिचा दाखला न्यायला वडील आले. मी ऑफिसात गेले, काही बोलावं म्हणून. त्यांनी सही कुठे करायची एवढंच विचारलं, आणि घरी दोघीच आहेत म्हणून घाईघाईने निघून गेले.