राष्ट्रगीताच्या कव्हरवरचे पाय

नागपूर स्टेशनवर गाडी हलायच्या बेतात असताना बाबांनी खिडकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चौकोनी पुडकं आत दिलं. राष्ट्रगीताच्या रेकॉर्डचं नुसतं कव्हर होतं ते. "रेकॉर्ड शाळेले लागते," ते म्हणाले. "तू हे ने. आपली मान्सं हायेत यात." आई पदर तोंडाला लावून उभी होती. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले होते.

वस्तीतल्या तुम्हा जुन्या माणसांना ते कव्हर आठवत असेल. शाळांसाठी रेकॉर्ड निघाली, तेव्हा बाबा छापखान्यात चित्रं काढायचे. मालकांना कव्हरवर तिरंगा हवा होता. बाबा म्हणाले, कव्हर उद्या फाटंन, रद्दीत जाईन, झेंडा नको. मग त्यांनी तुम्हाला आमच्या अंगणात सावधान उभं केलं आणि गुडघ्याखालचे तेवढे पाय काढले. आईची जोडवी, सुमनमावशीच्या भेगाळलेल्या टाचा, आणि बूट फक्त पोस्टमनकाकांचे. मालक म्हणाले, सगळ्यांना बूट घाला. "काऊन घालू? यायच्या पायात हायेत का?" बाबा हटून बसले. शेवटी पाय तसेच छापले गेले. चित्रकाराचं नाव तेवढं गळलं.

शनिवार पेठेतल्या खोलीत मी ते कव्हर टेबलावर उभं केलं. घरमालकीणबाईंनी विचारलं, "अहो, हे पाय कुणाचे?" म्हटलं, "माझ्या माणसांचे." "असू देत. भिंतीत खिळा ठोकू नका."

पुढे हिंजवडी, कंपनीची बस, प्रमोशन, स्वतःचा फ्लॅट. मल्टिप्लेक्समध्ये सिनेमाआधी राष्ट्रगीत लागलं की सवयीने माझी नजर खाली जायची. सगळे चकचकीत बूट, ओळखीचं एकही पाऊल नाही. फार एकटं वाटायचं.

"बाबा, इकडे या ना," मी दर फोनला म्हणायची. "पाहू," म्हणायचे. त्यांनी माझ्याजवळ राहावं, एवढंच मला हवं होतं. आई गेल्यावर मी हट्टच धरला आणि ते हो म्हणाले. मी त्यांची खोली रंगवून घेतली. ते यायच्या आठवड्यातच गेले.

त्यांना पोचवून पुण्याला परतले आणि कव्हरवर त्यांचे पाय शोधू लागले. आई होती, मावशी होती. बाबा नव्हते. इतकी वर्षं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळे उभे असताना ते एकटेच समोर, अंगणात खाली बसून चित्र काढत होते.

आता कधी फार आठवण आली, की मी कव्हरसमोर फरशीवर बसते. बाबा बसले होते तिथून तुम्ही सगळे दिसता. घर म्हणाल तर माझ्यासाठी आता तेवढीच जागा उरली आहे.