यादीतला सहावा पक्षी

करी रोडच्या आमच्या चाळीत शेवटी घुबडांचं एक जोडपं, त्यांची तीन पिल्लं, एक पोपट आणि मी, एवढेच रहिवासी उरलो होतो.

बाकीची चौतीस बिऱ्हाडं टॉवर उभा राहीपर्यंत म्हणून विरार-डोंबिवलीला पांगली. मी कमिटीची सेक्रेटरी. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या लावून त्या बिल्डरच्या ताब्यात द्यायच्या, हे माझं काम. (दोन दिवसांचं. मी ते तीन आठवडे पुरवलं. नव्या जागेत मला हाक मारणारं कोण होतं?)

इथं निदान राघू होता. आमचा पोपट. चाळ रिकामी झाली, पण त्याच्या चोचीत ती भरलेलीच होती. पहाटे पाचला राणेमावशींची हाक, "पाणी इलां गो!" मग चौदा नंबरच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, मग परबनानांचा खोकला. आता अख्खी टाकी माझ्या एकटीची होती, तरी हाकेसरशी उठून मी नळाला बादली लावायचे!

एके दिवशी बिल्डरचा इंजिनीयर आला. "काकू, सोमवारपासून वरचा मजला तोडतोय."

"वर घुबडाची पिल्लं आहेत."

"घुबड? अपशकुनी! गेलेलं बरं."

"बाकी सगळ्या परवानग्या आणल्यात ना? मग ही पण आणा!" असं ठणकावून मी थेट वनखात्याला फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "अर्ज द्या. इमारतीत कुठले पक्षी-प्राणी आहेत, किती, कुठं, सगळं लिहा."

मला, आणि यादी करायला सांगितली! टॉर्च घेऊन चारही मजले पालथे घातले. क्रमांक एक ते पाच: घुबडं, पिल्लांसह. क्रमांक सहा: पोपट, नर, खोली नंबर नऊ, गॅलरीत. प्रकृती उत्तम. शेरा: हिरवी मिरची आवडते. क्रमांक सात: कबुतरं. (चार वेळा मोजली, चारही आकडे वेगळे. शेवटी 'असंख्य' लिहिलं.)

संध्याकाळी बंगळुरूहून लेकीचा फोन आला. मी अभिमानानं यादी वाचून दाखवली.

"आई! राघूला कशाला लिहिलंस?"

"मग? पक्षीच ना तो? अर्धवट यादी मला चालत नाही."

"अगं, पोपट पाळणं गुन्हा आहे!"

"काहीतरीच! अख्ख्या लालबागेत पोपट आहेत."

"त्यांनी सरकारला लिहून नाही दिलंय! आई, अर्ज पाठवू नकोस."

"दुपारीच दिला. पोचही घेतली."

मग लेक म्हणाली, "पोच घेतलीस. शाब्बास."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. घुबडं पाहिली. "उत्तम काम केलंत, मॅडम. पिल्लं उडून जाईपर्यंत इथं हातोडा लागणार नाही." इंजिनीयरचं तोंड बघण्यासारखं झालं. मी चहाचं आधण ठेवायला वळले, तेवढ्यात साहेबांनी कागद उलगडला. "आता क्रमांक सहा."

"तो घरचा आहे हो!"

"तोच तर गुन्हा आहे."

"साहेब, त्याला नीट उडतासुद्धा येत नाही."

"आमच्या केंद्रात शिकवतील."

"त्याला सोबत लागते हो."

साहेबांनी रिकाम्या गॅलरीवरून एकदा नजर फिरवली. आवाज उतरवून म्हणाले, "तिथं त्याच्यासारखे खूप आहेत, ताई."

(म्हणजे त्याची सोय झाली.)

पिंजरा जिन्यावरून उतरताना परबनाना खोकले. साहेब दचकून थांबले. "वर अजून कोण राहतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

पंचनामा माझ्याच टेबलावर झाला. पंच म्हणून इंजिनीयर आणि वॉचमन. 'माहिती देणार' या रकान्यात माझं नाव, 'आरोपी' या रकान्यातही माझंच. पत्ता दोन्हीकडे तोच. इंजिनीयरची इतकी झोकदार सही मी कधी पाहिली नव्हती!

घुबडांनी माझा मुक्काम वाढवला खरा, पण ती माझ्याशी बोलत नाहीत. दिवसा झोपतात आणि रात्री बाहेर असतात.

जाताना साहेब म्हणाले होते, "माफ करा, पण तारखेला तुम्हाला कोर्टात यावं लागेल. तिथं तुमच्या नावाचा पुकारा होईल."

लेक म्हणते, वकील बघ. बघेन. त्या दिवशी नेसायची साडी मात्र मी इस्त्रीला दिलीय. एवढ्या दिवसांनी कुणीतरी मला मोठ्यानं हाक मारणार आहे!