सगुणाबाई माझ्यासमोर बसायची

सगुणाबाई चारोळी विकायची ती मलमाच्या रिकाम्या डबीनं मापून. चामोर्शीच्या आठवडी बाजारात तिची टोपली नेमकी माझ्या दुकानासमोर असे, आणि डबीवर माझ्याच नावाची चिठ्ठी. गिऱ्हाईक बाई असली की आधी ती डबी तिच्या हातात द्यायची, मग डोक्यावरचा पदर मागे सारायची. "पाह्य माह्यं तोंड. यातलंच चार वर्षं लावलं. आता जा तिकडे अन् घे."

डोळ्यांभोवती, नाकाच्या कडेला, मानेच्या वळीत पाटीसारखा निळसर काळा रंग बसला होता. मूळची ती सावळी, तुकतुकीत. काळी म्हणून नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेली. गोरी झाले तर नेईल, या आशेनं माझ्याकडे आली. पांढऱ्या मलमात मी रसकापूर, म्हणजे पाऱ्याचं औषध, खलून घालत असे. काही महिने ती उजळली. मग डाग धरू लागले. मी म्हणालो, "मळ बाहेर येऊन राह्यला, बाई. दोन टाईम लावा."

नवऱ्यानं दुसरी केली. सगुणाबाई त्याच्या दारात भांडायला गेली नाही. ती दर बाजारी माझ्यासमोर येऊन बसली. कुणी विचारलं तर म्हणे, "तो तर अडाणीच होता. हा शिकलेला हाय." भर उन्हात बसे, पण जागा बदलत नसे. माझ्याकडे बाया फिरकेनाशा झाल्या.

शेवटी एका बाजारी मी उठून तिच्याकडे गेलो. "माझ्या मलमानं झालं," म्हणालो.

"मोठ्यानं बोल, भाऊ. मागच्या बायांले ऐकू नाई गेलं."

मी मोठ्यानं म्हणालो. वांगीवाल्या हसल्या. ती हसली नाही.

"अन् तुले माहीत होतं का?"

"नाही."

तिनं डबी पुन्हा चारोळीत खुपसली. "मंग मी अजून येईन. तुह्यं बोलणं अर्धं राह्यलं."

आणि आली. दुकान मोडून मी वरोऱ्याला निघून गेलो, तेव्हा कुठे ते थांबलं. पुढे ती तापानं गेली. तिचा भाऊ एकदा स्टेशनवर भेटला. म्हणाला, "मरेपर्यंत विचारे, तो बोलला का म्हणून."

बोलतो. तेच मलम माझी बायकोही लावत होती. तिच्या पापण्यांखाली काळं दिसलं, त्याच दिवशी मी तिचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. सगुणाबाईनं मागितलं, आणि मी दिलं.