फणसाच्या फळीवरचा एक इंच

पैज मीच लावली होती. दादा रविवारी जेवायला येणार आणि जाताना बाबांची हत्यारांची पेटी गाडीत घालून मुलुंडला नेणार, असं त्याने फोनवर परस्पर ठरवून टाकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "थांब. बाबा माझ्यासाठी करतायत ती गिटार नीट झाली तर पेटीला कोणी हात लावायचा नाही. बिघडली तर ने. मी स्वतः खाली आणून देईन." दादा म्हणाला, "बघ हां, नंतर रडायचं नाही." आई बाजूला मेथी निवडत होती. ती न बघताच म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला." तिचं बरोबर होतं. माझं हे नेहमीचंच, आधी तोंड सुटतं आणि मग घाम फुटतो.

दादाचं अगदीच चूक होतं असं नाही. वर्षभर बाबांचा उजवा हात थरथरतोय. चहाचा कप बशीवर ठेवताना वाजतो, तो आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येतो. दिवाळीच्या आधी पटाशी घसरली आणि अंगठ्याला चार टाके पडले. तेव्हापासून दादाने धोशाच लावला, बाबांचं काम बंद करा, पेटी माझ्या एका मित्राला देऊ, तो फर्निचर करतो, निदान वापरात तरी राहील. हे ऐकून बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बाबा गिरणीच्या सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर भांडुपमध्ये घराघरांत जाऊन त्यांनी कपाटं केली, देव्हारे केले, आणि त्या पेटीवर आम्ही दोघं शिकलो. ती त्यांच्या डोळ्यांदेखत उचलून न्यायची म्हणजे काय, हे दादाला कधी कळणार नाही असं मला वाटायचं.

गिटारीचं खूळ माझं. मी कॉलेजपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवते. आता चाळिशी उलटली, दिवसभर लॅबमध्ये मान खाली घालून बसायचं, आणि संध्याकाळी ते जड धूड खांद्यावर घेतलं की मान धरते. दुकानात मला हवी तशी हलकी आणि छोटी मिळेना. एकदा सहज बाबांना म्हटलं, ज्यावर बोटं फिरतात तो लांब दांडा तयार मिळतो, खालचं धड तेवढं घरी करता येईल का हो? बाबांनी माझी जुनी गिटार मांडीवर घेतली, उलटी केली, टकटक वाजवून बघितली. मग उठले आणि कपाटामागून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फणसाची फळी काढली.

गावच्या घरासमोरचं झाड पडलं तेव्हा बाबांनी त्यातली एकच चांगली फळी काढून आणली होती. ती होती आमच्या गणपतीच्या नव्या पाटासाठी. बारा वर्षं सुकत होती, हळदीसारखी पिवळी होती तिची बदामी झाली होती. आई म्हणाली, "देवाची फळी? त्याच्यावर ही ढँणढँण वाजवणार?" बाबा म्हणाले, "आरतीला काय आपण गप बसतो? गावच्या बुवांचा पखवाज फणसाचाच होता." विषय संपला. अशी दुसरी फळी कुठून मिळणार नाही, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

मग महिनाभर, दर रविवारी, हॉलमध्ये जमिनीवर ब्राऊन पेपर. बाबांचा नियम होता की कागदावर सगळं खऱ्या आकारात उतरल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही. "कागदावर चुकलं तर खोडरबर, लाकडावर चुकलं तर चूल," म्हणायचे. जुनी गिटार कागदावर ठेवून मी कडेने पेन्सिल फिरवली. खांद्याकडे आकार कमी केला, पोटाशी टोचते ती कड गोल केली. दांडा बसायची खाचही तशीच पेन्सिलने उतरवली. टेपने घ्यायचं माप एकच होतं, खाच संपते तिथून ब्रिजपर्यंतचं. ब्रिज म्हणजे तारा जिथे संपतात ती लोखंडी पट्टी. ती सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग जरी इकडेतिकडे झाली तरी गिटार जन्मात सुरात लागत नाही. बाबांनी जुन्या गिटारीवर टेप धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "लिही. पावणेआठ." मी लिहिलं.

नंतरच्या रविवारी त्यांनी कागदावरची मापं फळीवर घेतली. आकार कापून झाला, खाच कोरून झाली. हात थरथरत होता, पण करवत एकदा लाकडाला लागली की तो कसा कोण जाणे स्थिर व्हायचा. ब्रिजच्या रेघेवर सहा भोकं आरपार पाडायची तेवढी राहिली होती, त्यांतून तारा मागून पुढे येणार. ती पैजेच्या रविवारी पाडायची ठरली. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद. दादा साडेबाराला येणार. म्हणजे त्याच्या समोरच काम होणार, आणि बाबांना तेच हवं होतं.

त्या सकाळी अकराच्या सुमारास बाबा आंघोळीला गेले. मला आदल्या रात्रीपासून चैन नव्हतं. म्हटलं, एकदा आपलं मोजून बघू. दांडा खाचेत बसवला, माझी नवी स्टीलची पट्टी घेतली. दांड्यावरच्या बाराव्या फ्रेटपासून, म्हणजे आडव्या तारेपासून, ब्रिजपर्यंत पावणेतेरा इंच यायला हवेत, हे गिटार वाजवणाऱ्याला पाठ असतं. आले पावणेचौदा. परत मोजलं. पावणेचौदा. तिसऱ्यांदाही तेच.

पूर्ण एक इंच. एखाद्या सुताची चूक समजू शकते, पण इंच? ज्या माणसाने आयुष्यात कधी कपाटाचं दार दुसऱ्यांदा तासलं नाही, तो इंचाने चुकतो? हात तर गेलाच, आता डोकंही चाललं की काय. दादा येईल, बघेल, एक शब्द न बोलता पेटी उचलेल, आणि बरोबरच करेल. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज चालू होता. मी पॉलिश पेपरचा तुकडा घेतला, बाबांची रेघ घासून काढली आणि एक इंच अलीकडे नवी ओढली. त्यांना कळायचं नाही, भोकं बरोबर पडतील, पेटी राहील. आपण केवढं शहाणपण करतोय असं मला वाटत होतं.

बाबा आले, चष्मा पुसला, फळीसमोर मांडी घालून बसले. आणि रेघेवरून बोट फिरवलं.

"माझी खूण खय गेली?"

सुतार मापाच्या टोकाला बाणासारखी छोटी खूण करतात. रेघ मी हुबेहूब ओढली होती, खूण काढायची राहिली होती.

"कसली खूण?" मी म्हटलं.

"माका शिकवतंस?" त्यांचा आवाज एकदम चढला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "रेघ कोणी पुसली?"

गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. "मी पुसली! कारण तुम्ही चुकलात, बाबा. इंचाने चुकलात. अख्खी फळी वाया गेली असती!"

बाबांनी कागद ओढून घेतला. त्यावर माझ्या अक्षरात पावणेआठ. "हे मी बोललो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बोललात."

ते कागदाकडे बघत राहिले. आठवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढं बघवेना म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. मागे पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाबा एकेक पटाशी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवत होते. रंधा ठेवला. गुण्या ठेवला. आई म्हणाली, "अहो, राहू दे ना ते." बाबांनी मान हलवली. भांडले असते, ओरडले असते तर मी समोर उभी राहिले असते. पण त्यांनी ते मान्य केलं.

बेल वाजली. दादा आत आला, भरलेली पेटी बघितली, मग आमची तोंडं. "काय झालं?"

"मापात चुकलो," बाबा म्हणाले. "घेऊन जा."

दादा खाली वाकला. फळी बघितली, कागद बघितला, पेटीशेजारी पडलेली बाबांची टेप उचलली. तिच्या टोकाचा पत्रा वाकलेला होता, किती वर्षांपासून कोण जाणे. तो माझ्याकडे वळला. "यातला इंच उतरवला नाहीस तू?"

"कुठला इंच?"

"अगं, टोक वाकडं आहे ना. बाबा शून्याऐवजी एकच्या आकड्यावर धरून मोजतात. जे दिसेल ते बोलतात, लिहिणाऱ्याने त्यातला एक इंच उतरवायचा. सुतारखात्यात तशीच पद्धत होती त्यांची. बारावीच्या सुट्टीत कामावर न्यायचे मला, पहिल्याच दिवशी उतरवला नाही म्हणून कानाखाली खाल्लीय." त्याने कागदावर बोट ठेवलं. "पावणेआठ म्हणजे पावणेसात. तू उतरवूनच लिहिलंयस असं समजून त्यांनी फळीवर पावणेआठ घेतले. त्यांचं माप बरोबर तर आहे."

बाबांनी मान वर केली. दोन्ही हात पेटीत तसेच होते.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला, लाज वाटली, दोन्ही एकदम. "मला कोणी सांगितलं होतं?" मी बाबांवरच ओरडले. "मला कधी बसवलंत लिहायला? त्याला नेलंत, मला नाही!"

"नाही बसवलं," बाबा म्हणाले. "ते माझं चुकलं." मग म्हणाले, "पण खोडायच्या आधी विचारायचं होतंस गो."

पेटीसाठी पैज लावणारी मी, आणि बाबांना स्वतःच्या हाताने ती भरायला लावणारीही मीच. दादा पेटी न्यायला आला होता खरा, पण त्याला बाबांचं माप चुकेल असं क्षणभरही वाटलं नाही.

जेवणं तशीच राहिली. दादाने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बाबांच्या कोपराखाली आपला तळवा धरला. बाबांनी ड्रिल चालवलं, माझ्याच रेघेवर, आधी तिच्या टोकाला आपली खूण करून. दोन वाजायला दहा मिनिटं असताना सहावं भोक पडलं. बारीक पिवळा भुसा आईच्या लादीभर झाला. मग जेवून दादा रिकाम्या हाताने खाली गेला, पेटीचं नावसुद्धा न काढता.

गिटार झकास झाली. हलकी आहे, सुरात लागते, मान धरत नाही. पेटी पलंगाखाली आहे आणि आता दादा महिन्यातून एखादा रविवार येऊन बाबांबरोबर काहीबाही करत बसतो. सध्या गणपतीचा पाट चालू आहे, सागाचा. मीही असते कागद-पेन्सिल घेऊन. बाबा टेप धरतात, डोळे बारीक करतात, मनातल्या मनात वजाबाकी करतात आणि मला म्हणतात, "अठरा. उतरवून सांगतोय हां."

दादाला अजून जे दिसेल तेच सांगतात.