दगडावरचा जेलिंदो

इटलीतल्या आमच्या गावच्या चौकातल्या दगडावर दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या एकतीस जणांची नावं कोरलीत, आणि त्यातला एक जण रोज सकाळी त्याच दगडाला पाठ टेकून विडी ओढत बसायचा. हा जेलिंदो मोरोकुत्ती. खेचरं हाकायला म्हणून फौजेबरोबर रशियात गेला आणि बेपत्ता झाला. गावानं पंचेचाळीस साली त्याचं नाव कोरलं, रडूनही घेतलं, आणि पुढच्या वर्षी हा पठ्ठ्या कैदेतून सुटून चालत घरी! आपलं नाव बोटानं चाचपून म्हणाला, "जन्मसाल चुकलंय रे."

"असू दे नाव," ते कोरणारा गवंडी एर्मेते म्हणाला. "आज ना उद्या लागेलच."

चार नोव्हेंबरला, फौजेच्या दिवशी, दगडापाशी हजेरी होते. एकेक नाव पुकारायचं, आणि मेलेल्याच्या वतीनं साऱ्या गावानं "हजर!" म्हणायचं. जेलिंदोच्या नावाला मात्र जेलिंदोच ओरडायचा, "हजर! आणि तहानलेला!" त्यावर बायका पदराआड नाही, चांगल्या मोठ्यानं हसायच्या.

हजेरी घ्यायचा निवृत्त हवालदार फेरुच्यो. गड्यानं अख्खं युद्ध उदिने शहरात बुटांच्या कोठारावर पहारा देण्यात काढलं, पण मिशांचा पीळ असा की आल्प्स यानंच राखला असावा! एकसष्ट साली त्यानं खानावळीत टेबलावर मूठ आपटली.

"यंदा जनरलसाहेब येतायत. जग आधीच आपल्या फौजेला हसतं. म्हणे इटलीच्या रणगाड्याला पुढं जायचा गिअर एक आणि मागं जायचे चार! हे असल्या पळपुट्यांमुळं. दगडावरनं याचं नाव काढून टाका."

"मला रणगाडा दिलाच कुणी?" जेलिंदो म्हणाला. "खेचर दिलं होतं, लेका. ते ना पुढं जायचं ना मागं. आणि पळायचं म्हणतोस, तर तुझ्या कोठारातल्या बुटांत पळून दाखव. पुठ्ठ्याचे तळवे! दुसऱ्या दिवशी बर्फात लगदा झाला त्यांचा."

खानावळ खदखदून हसली, पण पंचांनी मत दिलं फेरुच्योला. जेलिंदो घरी आला, आणि मक्याच्या पोलेंत्याचं ताट न खाताच बाजूला सारलं. गंमत गंमत म्हणून पंधरा वर्षं काढली होती. पण दगडावर त्याच्या वरचं नाव त्याच्याबरोबर रशियात गेलेल्या तिलियो मोरास्सीचं होतं. ती शेजारची जागा जाणार, याचं त्याला फार वाईट वाटलं.

एर्मेते गवंडीच तो, "मंगळवारी करतो" म्हणत राहिला आणि चार तारीख उजाडली. फेरुच्यो चडफडला. ते नाव मी घेणारच नाही म्हणाला, आणि जनरलसाहेब गेले की लगेच छिन्नी लावायची.

चौक भरला. जनरलसाहेब ताठ उभे होते. "मोरास्सी, तिलियो!" "हजर!" जेलिंदोनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि फेरुच्योनं त्याचं नाव गाळून पुढचंच पुकारलं. जेलिंदोनं तोंड मिटलं.

"एक राहिलं," पुढच्या रांगेतून आवाज आला. तिलियोची आई, दोसोलिनाकाकू. वय ऐंशी, हातात काठी.

"काकू, नंतर बोलू," फेरुच्यो पुटपुटला.

"नंतर मी असेन का रे? आत्ताच बोलते. मागं जायचा गिअर म्हणता ना? त्या बर्फात सगळे घराकडं पळत होते. माझ्या तिलियोचे पाय गोठले आणि तो रस्त्याकडेला बसला. तेव्हा हा जेलिंदो एकटा मागं फिरला. रशियन येत होते तिकडं! दोन दिवस पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसला, म्हणून पकडला गेला. परत आल्यावर यानं मला सांगितलं आणि वर शपथ घातली, कुणाला बोलू नकोस म्हणून. मोडली मी शपथ, जा! माझं पोर लहानपणापासून एकटं झोपायला भ्यायचं. त्याच्या शेजारचं नाव कुणी काढलं, तर ही काठी आहे."

जनरलसाहेबांनी हळूच टोपी काढली. फेरुच्योनं घसा खाकरला.

"मोरोकुत्ती, जेलिंदो!"

जेलिंदोनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आणि मेलेल्यांसाठी म्हणतात तसं सारा गाव त्याच्या वतीनं म्हणाला, "हजर!"

मागून एर्मेते ओरडला, "आणि तहानलेला!"